टाकी दिसते का?

हॅलो?… हॅलो, कोण?… जोरात बोला जरा, काही ऐकू येत नाहीये. मागे काय गिरणी चालू आहे का?…

अगं ठमे, तू होय. हा कोणाचा नंबर?… मास्तरांचा? मग त्यांचा फोन तुझ्या हातात कसा?… चार्जिंगला लावलेला उचललास. वा. त्यांना कळलं तर पाना घेऊन मागे लागतील तुझ्या… हो, नर्सरीतच आहे. रविवार ना आज. आठवडाभर घरातलं रोप सुकलं तरी कोणी बघत नाही, आणि रविवारी सगळ्या गावाला झाडं आठवतात. बोल, गिऱ्हाईक उभं आहे.

एक मिनिट हं… काकू, त्या गुलाबांना जपून हात लावा, काटे कोवळे असले तरी लागतात. तुम्ही बघा निवांत, मी आलेच… हं, बोल.

… काय?…

नाही. नाही म्हटलं ना एकदा. पावसाचं मला विचारायचं नाही. मोबाइलला विचार, मास्तरांच्या गुडघ्याला विचार, मला नको… दादाला माहीत आहे का तू मला फोन केलास ते?… बघ. मग ठेव आता.

ठमे… अगं, रडतेस काय? अठ्ठावीस वर्षांची घोडी झालीस… हो, हो… बरं, ऐक ना, आधी नाक पूस. आणि थोडक्यात सांग काय झालंय ते. मला काय माहीत असणार? मी सकाळपासून माती कालवतेय. मोटारसायकलींची शर्यत आज आहे हेसुद्धा विसरले होते.

… हं… हं… दुसरेच ना अजून? चव्वेचाळीस सेकंदांनी मागे… म्हणजे, कोणीतरी बोलत होतं मघाशी. गिऱ्हाईक… बरं बाई, बघतेय मी. फोनवर ते आकडे सरकतात ना, ते बघतेय. सकाळी नऊपासून. फोन झारीला टेकवून ठेवलाय आणि एक कुंडी भरली की एकदा बघायचं, असं चाललंय. आज कुंड्या फार हळू भरतायत… हसू नकोस. लंबूने दुपारच्या पावसात बारा सेकंद भरून काढले, तेही पाहिलं. उतारावरच्या डाव्या वळणाला अजून तसाच उशिरा ब्रेक मारतो का गं तो?… मारतो. सांग त्याला, तिथे माझं मनगट मोडून पडलंय, जपून जा म्हणावं.

हं, मग?… म्हणजे आता लंबू पेट्रोलला आत येणार. किती वेळात?… बारा मिनिटं. मग तो उतरणार आणि दादा चढणार. शेवटची खेप… पन्नास मिनिटं. आणि अडलंय ते टायरवर… मधले, ओलसर रस्त्याचे, संपले? दोन्ही जोड?… सकाळीच. मग काय राहिलं, एकतर अगदी कोरडे गुळगुळीत, नाहीतर पावसाळी. इकडे आड तिकडे विहीर… आणि मोबाइल काय म्हणतो?… चार दहाला पाऊस. सगळ्यांचाच मोबाइल तेच म्हणतो. आणि मास्तर?… पावसाळी. मग झालं की. पावसाळी लावा आणि मोकळे व्हा. यात माझं काय काम?…

… काय म्हणालीस? झेंडे?… सगळे लटकलेत. सगळे?… वाराच नाही. हं…

हुशार आहेस. दादापेक्षा हुशार आहेस तू, उगाच तुला सेकंदांची पाटी धरायला उभी करतात. बरोबर आहे तुझं. तुमच्याकडे पाऊस यायचा तर आधी वारा येतो, कागद उडतात, ती छत्रीवाली माणसं छत्र्या धरून पळतात. तेव्हा कळतं…

थांब, बाहेर येते जरा. नाही नाही, बघते असं नाही म्हटलं मी. नुसती बाहेर येतेय. आत प्लास्टिकखाली घुसमटतं.

…

हो गं, आठवतंय. खाण, मग पाण्याची टाकी, मग आम्ही, मग तुम्ही. सरीत टाकी दिसेनाशी झाली की अकराव्या मिनिटाला तुमच्या पत्र्यावर पहिला थेंब. विसरेन कशी? मनगट मोडल्यावर दोन वर्षं तेच तर केलं मी. ही नोकरी तरी कशाला धरली? झाडांची आवड होती म्हणून? मला त्याआधी कोथिंबीर आणि गाजरगवत यातला फरक कळत नव्हता. ही टेकडी तुमच्या पावसाच्या वाटेवर आहे म्हणून धरली. गाडीवर बसता येत नाही तर निदान… निदान काहीतरी. तुम्ही तिकडे, मी इथे, कानाला फोन. ‘टाकी दिसते?’ ‘दिसते.’ ‘टाकी दिसते?’ ‘गेली.’ दोन वर्षांत एकदाही चुकले नाही…

हो. एकदा.

ठमे, तू दर वेळी ‘वहिनी, चूक कोणाचीही होते’ असं म्हणतेस ना, तेव्हा मला कसंतरी होतं. आता म्हणू नकोस… ऐक ना. ती चूक नव्हती… नव्हती म्हणजे नव्हती. मागच्या वर्षी मी सांगितलं टाकी गेली, तेव्हा टाकी दिसत होती. आत्ता दिसते तशीच. मी डोळ्यांनी बघत होते आणि तोंडाने ‘गेली’ म्हणत होते.

… हॅलो?… आहेस ना?

का म्हणजे? तूच नाही का मला सांगितलंस त्या दिवशी, उतारावर कोणीतरी पडलं, स्ट्रेचर नेलं म्हणून. तेच वळण. आणि तू म्हणालीस पुढच्या खेपेला दादा चढतोय. वाटलं, पाऊस आहे म्हटलं की पावसाळी टायर लावतील, तो दबकत चालवेल, मागे पडेल, पण उभा राहील. एवढंच डोक्यात आलं. दोन सेकंदांत बोलून गेले… हो, कोरड्या रस्त्यावर पावसाळी टायर. सहा लॅपमध्ये चिंध्या झाल्या. पहिला होता तो, नववा आला. बक्षिसाचं जाऊ दे, पहिल्या नंबरासाठी नऊ वर्षं राबला होता तो माणूस…

तुला माहीत नव्हतं?… मास्तरांना?… त्यांनाही नाही?… मग अकरा महिने तो सगळ्यांना सांगतो तरी काय?… ‘उन्हाची तिरीप आली, डोळ्याला चकवा झाला.’ असं म्हणतो?… सासूबाईंनाही हेच सांगितलं…

थांब जरा. बसू दे मला. ही पोती आहेत खताची, इथेच बसते.

मला वाटायचं तुम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे आणि तुम्ही मनाने मोठे म्हणून बोलत नाही. बघ. आणि हा एकटाच गिळून बसलाय. त्याने मला संध्याकाळी विचारलं होतं गं. हेल्मेट टेबलावर ठेवलं आणि एकच विचारलं, खरंच दिसत नव्हती? मी म्हटलं, दिसत होती. आरडाओरडा नाही, काही नाही. ताट तसंच राहिलं. आणि आठ दिवसांनी मास्तरांच्या गॅरेजवरच्या खोलीत गेला राहायला. म्हणे गाडीचं काम आहे. अकरा महिने कसलं काम असतं एका गाडीचं?…

नाही गं, तुला नाही कळायचं ते. तू म्हणशील एवढ्याशा खोट्यासाठी कोणी घर सोडतं का. तू पाटी धरतेस, गाडीवर नाही बसलीस कधी. हे बघ, एकजण उतरतो, दुसरा चढतो, मध्ये किती वेळ असतो? पंधरा सेकंद. त्यात उतरणारा चढणाऱ्याच्या हेल्मेटवर हेल्मेट टेकवून एक वाक्य ओरडतो. ‘उतारावर तेल आहे.’ ‘पुढचा ब्रेक मऊ झालाय.’ एकच वाक्य. आणि चढणारा त्या वाक्यावर दोनशेच्या वेगाने जातो, स्वतः न बघता. घरात माणसं सतराशे साठ थापा मारतात, आम्हीही मारायचो, दूध मी उतू घालवलं नाही वगैरे. पण ते एक वाक्य… त्यात कोणी खोटं बोलत नाही. भांडलेले असलो तरी नाही. माझा फोन म्हणजे त्याच्या लेखी ते वाक्य होतं.

किती राहिली?… नऊ मिनिटं. बरं.

… हो, टाकीकडेच बघतेय मी. न बघून काय करणार, समोरच तर आहे…

एक सांगू? रागावू नकोस. आज तर आणखी सोपं आहे. मोबाइल म्हणतो पाऊस, मास्तर म्हणतात पाऊस. मी पण म्हणते पाऊस. किंवा काहीच म्हणत नाही, ‘मला नीट दिसत नाहीये’ म्हणते आणि फोन ठेवते. कोणाला कळणार आहे? तो पावसाळी टायरवर जाईल, पाचवा येईल, सहावा येईल, धड येईल. कोणी बोट दाखवणार नाही माझ्याकडे. आणि खरं सांगितलं, आणि तो कोरडे लावून निघाला, आणि अजून जिथे जिथे ओल आहे तिथे मागचं चाक सुटलं… त्या वळणाला ओल आहे ना अजून?… डाव्या कडेला. हं. मला माहीतच होतं.

हो काकू, आले हं… कुठलं? लिंबू? चांगलं आहे, घ्या… लिंबं ना, तीन वर्षांनी लागतील… हो, तीनच… लवकर लागणारं नाही हो काकू, असतं तर मीच घरी नेलं असतं. बघा, विचार करा.

… हं, ठमे.

टाकी दिसते.

स्वच्छ दिसते. शिडीच्या पायऱ्या मोजता येतील इतकी. ढग आहे, मोठा आहे, काळा आहे, पण खाणीच्या पलीकडे फाटलाय तो. अर्धा वर सरकलाय डोंगराच्या अंगाला, अर्धा तिथेच रेंगाळतोय. मोबाइलच्या नकाशात एकच डाग दिसतो गं, मधली फट दिसत नाही. आमचं प्लास्टिकसुद्धा फडफडत नाहीये. पाऊस चार दहाला येत नाही. तेवढं खात्रीने सांगते.

जा, सांग त्याला. कोरडे… मी सांगितलं असंच सांग. ‘कोणीतरी म्हणालं’ असं नको. माझं नाव घेऊन सांग, मग काय व्हायचं ते होवो… हो, थांबते ना. जा तू.

…

हॅलो?… ठमे, सांगितलंस का?… हॅलो?… अगं बोल ना. काय म्हणाला?…

…

तू आहेस.

ओळखलं. हेल्मेट घातलंयस, त्यात फोन खुपसलायस, श्वास घरघरतोय आत… नको, बोलू नकोस. लंबूला यायला किती?… चार मिनिटं. मग नुसतं ऐक.

टाकी दिसते. ढग खाणीमागे फाटलाय. वारा नाही. शपथ वगैरे घेत नाही मी, तुला आवडत नाही. उतरणारा सांगतो तसं सांगतेय… पन्नास मिनिटांचं मला माहीत नाही. कोणालाच नाही. अकरा मिनिटांचं माहीत आहे, आणि नंतरच्या अकरांचं नंतर सांगेन. मी इथून हलत नाही.

आणि ऐक ना… मागच्या वर्षी मला तू जिंकायला नको होतास रे. मला तू घरी यायला हवा होतास. म्हणून बोलले तसं. आणि झालं काय बघ, गाडी नववी आली आणि तू येऊनही आलाच नाहीस. त्यापेक्षा… जाऊ दे. तुझ्या हातमोज्यांची ती जुनी जोडी अजून दाराच्या खुंटीला आहे. मी काढत नाही ती. रोज दार लावताना हाताला लागते.

… हं?…

मनगट? दुखतं. नेहमीसारखंच. पाण्याचा पाइप ओढला की जास्त… हो, पट्टा बांधते… हो.

… अरे… हॅलो?

ठमे, दे, दे त्याला परत… गेला?… हातमोजे चढवतोय. बरं. नाही, काही नाही बोलला. मनगट कसंय एवढंच. अकरा महिन्यांनी माणूस बोलतो, आणि मनगट. काय म्हणावं याला…

आला? लंबू आला?… येतोय आवाज, हो. मला सांगू नकोस, मला कळतंय. आता दुसरा गिअर. आता… बंद केलं इंजिन. उतरला. पेट्रोल घालतायत. लंबू बोलला का त्याच्या कानात?… बोलला. मागचं चाक काढलं? कुठले आणलेत?… ठमे, कुठले लावतायत?…

…

पावसाळी.

बरं… नाही, ठीक आहे… मास्तरांनी लावले की त्याने सांगितलं?… विचारलं त्याला. आणि त्याने पावसाळीकडे बोट केलं. स्वतः… बरं.

नाही गं, वाईट कसलं वाटायचं. सुरक्षित आहे, छान आहे. मला हेच हवं होतं ना… वाटलं. वाटलं वाईट, खोटं कशाला बोलू. मागच्या वर्षी खोटं बोलले तर डोळे मिटून ऐकलं त्याने. आज जीव मुठीत धरून खरं सांगितलं तर… त्याचा काय दोष? पेरावं तसं उगवतं. दोन-तीन वर्षं नर्सरीत घालवून एवढं तरी कळायला हवं मला.

गेला ना? ऐकू आलं. तिसरा गिअर जरा लवकर टाकला त्याने. चिडलाय… माझ्यावर नाही, स्वतःवर चिडला की तो असाच टाकतो.

ठेवतेस का फोन?… नको ठेवूस. असू दे. मास्तर बघतायत?… बघू दे. बोलायला नको काही, नुसता चालू राहू दे. त्या आवाजासाठी… हो. रोज संध्याकाळी खालच्या रस्त्याने कोणीतरी पोरगं मोटारसायकल घेऊन जातं, फुटक्या सायलेन्सरची. तेवढ्यासाठीही मी पाण्याचा नळ बंद करून ऐकते. वेडच आहे.

तुला सांगू मला काय आठवतं सगळ्यात जास्त? जिंकलेलं काही आठवत नाही. चार वर्षं आम्ही एका गाडीवर होतो, पण एकत्र कधीच नाही. तो असला की मी नाही, मी असले की तो नाही. लोक म्हणायचे, नवराबायको सगळीकडे मिळून जातात, कौतुक आहे. मिळून कसलं? तो उतरायचा, मी चढायचे. पण सीट गरम असायची. हँडलच्या मुठी गरम असायच्या. पावसात तर फार कळायचं ते, सगळं अंग गार पडलेलं आणि तेवढी एक जागा गरम. मी पहिला लॅप त्यावरच काढायचे. घरी आता पलंगाची ती बाजू… अगं तू धाकटी आहेस, तुझ्याजवळ काय बोलतेय मी. सोड.

हो काकू… ठरलं? लिंबूच ना?… हो, तीन वर्षं सांगितली मी, तरी घेताय? बरं… उन्हात ठेवा, आणि रोज उठून पाणी घालू नका, मुळं कुजतात. लोकांना वाटतं जास्त माया केली की लवकर लागेल… हो, तिकडे मालकीणबाईंकडे द्या. या हं.

… ठमे, आहेस?… किती लॅप झाले?… चार. आणि?… नऊ सेकंद हळू. प्रत्येक लॅपला नऊ. पुढे किती जण गेले?… तिघे. चौथाही चिकटलाय मागे. अगं, जाणारच. ते कोरड्यांवर असतील… हो ना?… त्यांचे मोबाइल बंद पडले होते वाटतं.

चार बारा झाले. थेंब नाही ना?… इथेही नाही. इथे ऊन आलंय. खरंच. माझ्या चपलांची सावली पडलीये.

नको. पाटीवर काही लिहू नकोस. ‘टाकी’ नको, ‘वहिनी’ नको, काही नको. नंबर आणि सेकंद लिही, तुझं काम तेवढं. टायर वितळतायत ते त्याच्या पार्श्वभागाला आपल्याआधी कळलं असेल… हो, असंच म्हणते मी, आणि हेच बरोबर आहे, गाडी तिथूनच कळते. मी सांगितलं होतं हे त्याला आता दाखवून द्यायचं नाही. अजिबात नाही. मला बरोबर ठरायचं नाहीये, ठमे. मला… काय हवंय ते तुला माहीत आहे.

… काय ओरडतायत तिकडे?… कोण येतंय आत?… आपला? आत्ता? मास्तरांनी बोलावलं का?… मग कोणी?… कोणीच नाही. आपणहून आला.

उतरला?… नाही उतरला. बसूनच आहे. बरोबर, चाकं तेवढी बदलतील… कोरडे आणले? नक्की?… म्हणजे आता सातवा, आठवा होणार तो. होऊ दे. पस्तीस मिनिटं आहेत अजून. पुढचं बसलं?… मागचं?… झालं. मग निघत का नाही? आवाज कुठे येतोय? गाडी सुरू होत नाही का? ठमे, काय झालं?…

हात वर केलाय? कोणासाठी?… तुझ्यासाठी? अगं, मग जा ना, जा त्याच्याजवळ. फोन घेऊन जा. हेल्मेटची काच वर केलीय का त्याने?… काय म्हणतोय?…

… परत सांग.

… ‘तिला विचार.’

एवढंच?… नुसतं ‘तिला विचार’?…

हो, आहे. आहे मी. बोलतेय. एक सेकंद… नाही, ते कळतंय मला, गाडी उभी आहे, सेकंद जातायत. मास्तरांना ओरडू दे. एक सेकंद दे मला ठमे, डोळे पुसू दे. डोळ्यात पाणी असलं की टाकी पुसट दिसते, आणि पुसट बघून मला सांगायचं नाही. थांबेल तो. विचारलंय ना त्याने, मग थांबेल.

… हं.

दिसते. टाकी दिसते. मागे खाणही दिसते आता. कोरडं आहे. सांग त्याला… सांगितलंस?… काय म्हणाला?… मान हलवली. काच पाडली.

हो… हो, येतोय आवाज. गेला. नीट गेला. तिसरा वेळेवर टाकला.

… नाही गं, रडत नाही. खताची पोती आहेत, नाकात जातं… घरी येईल की नाही ते मी कशाला विचारू? त्याने जे विचारलं तेवढं पुरे आहे आज. तू पण विचारू नकोस हं त्याला. सांगून ठेवते.

ठेव आता तू. पाटीला दोन्ही हात लागतात. आणि तो फोन मास्तरांच्या चार्जरला परत लाव, गुपचूप. मी करते दहा मिनिटांनी… हो, बघूनच करते. आधी डोळे पुसून, मग बघून, मग फोन. हो. ठेवते.